वायरीला वायर लागू द्यायची न्हाय

राग आला की बायका भांडी आपटतात. मी माऊस आपटते. सून म्हणते, "आई, हळू, नवा आहे तो." नवा असेल नाहीतर जुना, त्या दिवसांत मी तो इतका आपटला की त्याचं चाक निखळून टेबलाखाली गेलं. आणि आज हे लिहितानासुद्धा माझा राग उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

बारामतीच्या एमआयडीसीत आमचं पॅनल करायचं वर्कशॉप आहे. पॅनल म्हणजे ते लोखंडी कपाट हो, ज्याच्या पोटात मेन स्विच, मोटरींचे स्टार्टर आणि ढीगभर वायरी असतात. विहिरीवर, गुऱ्हाळात, दूध डेअरीत, जिथं मोटर तिथं ते लागतंच. मुलगा साइटवर कपाटं बसवत फिरतो. हापिसात सून आणि मी. सून डिप्लोमा केलेली, कॉम्प्युटरवर कपाटाचं ड्रॉइंग तीच करते. मी आधी खाली, पोरींच्या बरोबरीनं वायरिंगला बसायचे. गुडघ्यांनी संप केला तेव्हा तिनं मला वर खुर्चीवर आणून बसवलं, आणि तिच्याकडं बघत, चुकत, शिव्या देत मी ते सॉफ्टवेअर शिकले. आता वायरींच्या वाटा आखायचं काम माझ्याकडं.

काम तसं कळायला सोपं आहे. पडद्यावर रिकामं कपाट असतं. त्यात मी डक्ट मांडते. डक्ट म्हणजे प्लास्टिकची पन्हळ, कडेला दाते आणि वर झाकण, वायरी त्यातून जातात. कोणत्या डक्टातून कोणती वायर जाऊ द्यायची हे मी ठरवून देते, कारण मोटरीची जाडी वायर आणि स्विचची बारीक वायर एकत्र कोंबायची नसते. मग कॉम्प्युटर एकेक वायर तिच्या ठिकाणापर्यंत नेऊन दाखवतो, किती लांब कापायची तेही सांगतो. डक्ट ठासून भरला की तांबडा होतो. आणि एखाद्या वायरीला वाटच नसली, किंवा पोचायला ठिकाणच नसलं, की ती बिचारी हवेत तिरकी लोंबत राहते. मला ते लोंबणं बघवत नाही. पाहुणा दारात उभा आणि कुणी या म्हणेना, तसं वाटतं.

तर एके दिवशी माझा थोरला भाऊ आला. थोरला म्हणजे तिघा भावांत थोरला, मी त्याच्याहून मोठी, म्हणून मला सगळे आक्काच म्हणतात. माझं माहेर निरवांगीचं. नीरेच्या अंगाला आमची जमीन, वडिलांनी पाडलेली विहीर, तीन भावांत सामायिक. मधला भाऊ आता नाही. त्याची बायको त्याचा वाटा कसते, भेंडी-गवार लावते, इंदापूरच्या बाजारात घेऊन जाते. थोरल्याचा ऊस, धाकट्याचं डाळिंब.

थोरल्यानं गुळाची ढेप टेबलावर ठेवली, पाणी प्याला आणि म्हणाला, "आक्का, विहिरीवर नवं पॅनल घालायचंय. मी माझी मोटर येगळी घेतलीया, त्यानं त्याची घेतलीया."

'त्यानं' म्हणजे धाकट्यानं. गेल्या उन्हाळ्यात थोरल्याचा ट्रॅक्टर वळताना धाकट्याच्या ठिबकच्या नळ्यांवरून गेला. तेव्हापासून दोघं एकमेकांचं नाव घेत नाहीत. लग्नात भेटले तर एक पहिल्या पंगतीला बसतो, दुसरा शेवटच्या.

"मग दोन पॅनलं करा की," मी म्हटलं.

"मीटर एकच हाय न्हवं बापाच्या नावचा. एकाच कपाटात दोन कप्पं कर. दोन दारं, दोन कुलपं. आन् हे बघ, त्याच्या वायरीला माझी वायर लागू द्यायची न्हाय. मधी पत्रा घाल."

"का रं? बाट लागंल व्हय?"

"हसू नगं. लागली तर काय न्हाय व्हायचं, पर नगं म्हंजे नगं. आन् मेन स्विच माझ्या अंगाला टाक. पाळीचा स्विच बी."

पाळीचा स्विच म्हणजे एक मूठ. ती ज्याच्याकडं फिरवावी त्याची मोटर चालते, बाकीच्या गप्प बसतात. एका मीटरवर दोन मोटरी एकदम लावल्या तर लोड पेलत नाही, म्हणून हवाच तो.

थोरला गेला आणि दोनच दिवसांनी धाकटा डाळिंबाची पेटी घेऊन हजर.

"दादा आलता का गं हितं? मेन कुठं टाक म्हणला?"

"त्याच्या बाजूला."

"मला वाटलंच. आक्का, त्याच्याकडं मेन गेला तर माझी बाग जाळंल तो. माझ्या बाजूला टाक. आन् वायरी येगयेगळ्या हां. त्याच्या डक्टात माझी वायर घुसवलीस तर मी कापून काढीन."

चाळीस वर्षं धंद्यात आहे आमचं घर. वायर तापू नये म्हणून वेगळी ठेवतात, सिग्नल बिघडू नये म्हणून वेगळी ठेवतात. भाऊबंदकी म्हणून वेगळी ठेवलेली मी पहिल्यांदा बघितली. पण गिऱ्हाईक आणि त्यातून माहेरचं. गूळ खाल्ला, डाळिंबं सोलली आणि बसले आखायला. कपाटाचे दोन भाग केले, मध्ये पत्रा. थोरल्याच्या वायरी एका प्रकारात टाकल्या, धाकट्याच्या दुसऱ्या, आणि सॉफ्टवेअरला सांगून टाकलं की ह्यांनी त्यांच्या डक्टात पाऊल टाकायचं नाही. मेन कुणाकडं ते नंतर बघू म्हणून पाळीचा स्विच तात्पुरता पत्र्याच्या वर मधोमध ठेवला आणि त्याला वायरी जोडत गेले. थोरल्याची गेली. धाकट्याची गेली. एक वायर मात्र हवेत लोंबत राहिली.

मी डोळे बारीक करून बघते, मोठं करून बघते, कळेना. सून वाकून बघायला आली.

"आई, तुम्ही तीन जागांचा स्विच घेतलाय. मामांनी दोनच मोटरी सांगितल्यात ना? तिसऱ्या जागेची वायर जाणार कुठं?"

हात सवयीनं तीनच घेऊन बसला होता. आमच्या विहिरीवर तीन पाळ्या, जन्मापासून मला तेच माहीत. वडिलांनी नदीतला एक काळा गुळगुळीत धोंडा आणून विहिरीच्या कठड्यावर ठेवला होता, आणि कठड्यावर तीन खुणा कोरल्या होत्या. ज्याची पाळी त्याच्या खुणेवर धोंडा. आपलं भिजवून झालं की आपल्या हातानं तो पुढच्याच्या खुणेवर ठेवायचा आणि हाळी द्यायची, "धोंडा हालला!" मग तुमचा ऊस अर्धा कोरडा राहिलेला असो नाहीतर दारात पाहुणे असोत, बोलायचं काम नाही. मधला भाऊ गेला त्या आठवड्यातसुद्धा धोंडा त्याच्या खुणेवर आला होता, आणि भावजयीनं रडत रडत का होईना पाणी धरलं होतं.

आणि ह्या दोघांनी दोनच सांगितल्या! एकमेकांचं तोंड न बघणारे दोन भाऊ, एका गोष्टीवर मात्र न बोलता दोघांचं एकमत.

माऊस तेव्हाच आपटला.

थोरल्याला फोन लावला. "तिचं काय?"

"कुणाचं?"

"कुणाचं म्हणून काय विचारतोस? तुझी भावजय हाय ती. तिची पाळी कुठंय ह्याच्यात?"

"आगं, तिचं किती आसतंय? चार वाफं. तिला काय मोटर पायजे व्हय? देतो की आमी. मागंल तवा देतो."

"मागंल तवा?"

"मंग? न्हाय म्हणलंय का कदी?"

फोन ठेवून दिला मी, नाहीतर तोंडातून काय गेलं असतं कोण जाणे. मागंल तवा! विहीर पाडताना तिचा नवरा सुरुंगाच्या भोकात पहार धरून उभा राहिला होता, आणि त्याच्या बायकोनं आता घागर घेऊन दोन दारांत उभं राहायचं. एकाकडं मागितलं तर दुसरा म्हणणार, त्याच्याकडची आहेस. दुसऱ्याकडं मागितलं तर पहिला. आणि भेंडी काय थांबते का? एक पाणी चुकलं की फळ निबर होतं, बाजारात कुणी हातात धरत नाही.

भावजयीला विचारलं तर तिचं आणखीनच.

"वन्सं, ऱ्हाऊ द्या. थोरलं भावजी म्हणत्यात तसं हुंद्या. माझ्यापायी भावाभावांत आजून कशाला?"

"तुझ्यापायी? नळ्यांवर ट्रॅक्टर तू घातलास व्हय?"

"तसं न्हवं."

"मग कसं? तुला पाणी देत्यात का आता?"

ती म्हणाली, "परवा धाकट्या भावजींनी दिलं. पर मी सकाळधरनं पंपघराच्या दारात बसले हुते, ते पुण्यास्नं यायला तिसरा पहार झाला. पाळी त्यांची, तवा कुलूप बी त्यांचं न्हवं का."

तीन मुलांची आई झालेली, नातवंडं खेळवायच्या वयाची बाई, स्वतःच्या विहिरीच्या दारात सकाळपासून बसलेली. आणि मला हे आपणहून सांगितलंसुद्धा नव्हतं तिनं.

सुनेला म्हटलं, "हे पॅनल मी करणार नाही."

ती शहाणी आहे, माझ्यासारखी तापत नाही. म्हणाली, "आपण नाही केलं तर दुसरीकडून करतील, आणि मग त्यात मामींचं काहीच नसेल. आई, राग राहू द्या बाजूला, आधी हे बघा. मेन थोरल्या मामांकडं टाकला तर धाकट्या मामांची सप्लायची वायर त्यांच्या कप्प्यातून जाणार. धाकट्यांकडं टाकला तर उलट. तुम्ही दोघांना एकमेकांच्या डक्टात बंदी घातलीय, म्हणून एकाची वायर लोंबणारच. मोठ्या पॅनलात आपण मेन कुठं घेतो?"

"मधी," मी म्हटलं.

"मग?"

 मी माऊस ओढला, मधला पत्रा काढून टाकला आणि त्याच्या जागी अख्खा कप्पा घातला. मधल्या भावाचा. त्यात मेन, त्यात पाळीचा स्विच तीन जागांचा, त्यातच विहिरीवरच्या जुन्या सामायिक मोटरीचा स्टार्टर, ती आता भावजयीची. डावीकडं थोरला, उजवीकडं धाकटा. सप्लाय खालून मधल्या कप्प्यात येणार आणि तिथून दोन्हीकडं फुटणार. पाळीच्या वायरीही तिथूनच निघणार. वाटा आखल्या, बटण दाबलं. एकही वायर लोंबली नाही. एकही डक्ट तांबडा झाला नाही. सून म्हणाली, "बघा, वायरपण आधीपेक्षा कमी लागतीय."

दोघा भावांना निरोप दिला: ड्रॉइंग बघायला या, एकाच वेळी या, नाहीतर कपाटाचा पत्रासुद्धा कापणार नाही.

आले. एकानं खुर्ची खिडकीकडं तोंड करून ठेवली, दुसऱ्यानं दाराकडं. पन्नाशी-साठीचे बाप्ये! सुनेनं पडद्यावर कपाट फिरवून फिरवून दाखवलं, दारं उघडली, एकेक वायर रंगवून दाखवली. माना वळवल्याशिवाय ते दिसणार नव्हतं, म्हणून दोघांनी वळवल्या, पण एकमेकांची नजर चुकवून.

"हे मधलं काय?" थोरला म्हणाला.

"मेन आन् पाळीचा स्विच. आन् तिची मोटर."

"कुणाची?"

"परत इचारलंस तर ही गुळाची ढेप डोक्यात घालीन. तुझ्या मधल्या भावाच्या बायकोची."

"आन् मधल्या दाराची किल्ली?"

"तिच्याकडं."

थोरला खुर्चीवरून उठलाच. "म्हंजे मेन बाईमाणसाच्या हातात द्यायचा? मी पाण्याला जायचं तर भावजयीला इचारून?"

"का? तिनं तुला इचारून जायचं, ते चालत हुतं न्हवं?"

"आक्का, तू माहेरची हाईस का तिची वकील?"

"माहेरचीच हाय. माझ्या बापानं तीन खुणा कोरल्यात. तू दोनच मोजल्यास, मग माहेरचा कोण न्हाय ते बघ. आन् बाईमाणूस म्हणतोस, हे कपाट कोण करतंय? तुझा आजा?"

"मी दुसरीकडनं करून घीन!"

"घे की. त्याला बी सांगावंच लागंल मेन कुठं टाकायचा ते. तुझ्याकडं टाकला तर ह्यो कापंल, ह्याच्याकडं टाकला तर तू. सांग, कुणाकडं टाकू?"

धाकटा खिडकीकडं बघून म्हणाला, "मला चालंल वहिनीकडं."

मला आधी वाटलं, ह्याला तरी काळीज आहे. पण तो पुढं बोलला, "दादाकडं जान्यापरीस कुनाकडं बी जाऊंद्या. रस्त्यावरच्या मानसाकडं दिली तरी चालंल किल्ली."

रस्त्यावरच्या माणसाकडं! त्याच्या तान्ह्या पोराला स्वतःच्या अंगावर पाजलेली वहिनी ती.

थोरला सुनेकडं वळला. "पोरी, एकच सांग. ह्येच्यात त्याच्या कप्प्यातनं माझी वायर जात न्हाय न्हवं?"

"नाही मामा. मामींच्या कप्प्यातून जाते, तुमच्या वेगळ्या डक्टातून."

"आन् त्याची माझ्यातनं?"

"नाही."

"बरं मंग. घाल."

झालं. एवढंच. मी दोन दिवस वडिलांचं काय सांगायचं, मधल्याचं काय सांगायचं, सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काही लागलं नाही. भावजयीला तिची पाळी मिळाली ती तिचा हक्क म्हणून नाही. एकाला दुसऱ्याची वायर शिवून घ्यायची नव्हती म्हणून मिळाली. त्यांच्या पाठी दाराआड गेल्या तशी सून हसली, मला मात्र रडू फुटलं, आणि ते रडू रागाचं होतं. जिंकलेल्या माणसाला इतका राग येतो हे मला माहीत नव्हतं.

पॅनल बसवायला मुलाबरोबर मीही गेले. पंपघरात हळदी-कुंकू लावलं, नारळ फोडला. दोघे भाऊ आपापल्या दारासमोर उभे, देवळात नवस बोलायला आल्यासारखे. मुलानं जोडणी केली, मधलं दार बंद केलं आणि किल्ली भावजयीच्या हातात दिली. तिनं ती पदराच्या टोकाला बांधली, मग सोडून चोळीच्या खिशात टाकली, परत काढली. किल्ली ठेवायची जागाच तिला सापडेना.

"लाव तुझी मोटर," मी म्हटलं. "भेंडीची पानं बघ, कशी लोळायला लागल्यात."

तिनं दार उघडलं. मूठ धरली. आणि फिरवली ती थोरल्याच्या बाजूला. त्याची मोटर गरगरली, पाणी त्याच्या उसाकडं गेलं.

"आगं, काय केलंस? आधी सोताचं भिजव की!"

"वन्सं, मागल्या खेपंला धाकट्या भावजींनी मला दिलं, ते त्यांच्या पाळीतलं. आता पाळी थोरल्या भावजींची हाय, मंग माझी."

ज्यांनी हिला मोजली नाही त्यांची पाळी ही मोजत बसली होती! मी तणतणत बाहेर आले आणि बांधावर जाऊन बसले. मुलगा म्हणाला, "आई, चल, उशीर होतोय." म्हटलं, थांब. चहा झाला. दुसरा झाला. थोरला उसात शिरला तो शिरलाच. त्याच्या पाळीची वेळ होऊन गेली होती, सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. बाहेर येऊन बंद करील तर शपथ. बसला असेल बांधावर तंबाखू मळत, नेहमीसारखा, कोण बोलतंय म्हणून.

भावजय माझ्याजवळ बसून गवार निवडत होती. तिनं एकदा उसाकडं पाहिलं, एकदा भेंडीकडं. मग पदर झाडला, उठली, पंपघरात गेली. थोरल्याची मोटर एकदम थांबली. मागोमाग जुनी मोटर खोकत खोकत सुरू झाली.

उसातून ओरडा आला. "ए! कुनी बंद केली रं? माझं आर्धं रान ऱ्हायलंय!"

ती पंपघराच्या दारात आली. तिचा आवाज मी कधी एवढा मोठा ऐकला नव्हता.

"भावजी, धोंडा हालला!"

ऊस गप्प झाला. ती खांद्यावर फावडं टाकून भेंडीकडं निघाली, आणि मी मुलाला म्हटलं, चल आता.